मोतालेबचा खण

सूर शहरात, जुन्या बंदरामागच्या गल्लीत
माझं मशीन पुढं, त्याचं मागं.
मी दापोलीचा, तो नोआखालीचा,
दोघांची मोडकी हिंदी एकाच मापाची.
आणि दोघांच्या छातीत, चार महिन्यांच्या अंतरानं,
मस्कतच्या एकाच इस्पितळात बसवलेली
एकेक बारीक जाळी.

नर्स झुवैनाला मी विचारलं होतं, गोळ्या दोन-दोन कशाला?
तिनं माझ्या बोटाचा घट्टा पाहिला.
म्हणाली, कापड फाटलं की काय करतोस?
रफू.
मग रक्तातही रफूवाले आहेत. जाळी दिसली
की त्यांना वाटतं इथं काही उसवलंय,
धावत येतात, टाक्यावर टाका घालतात
आणि वाटच शिवून टाकतात.
या गोळ्या त्यांचे हात जड करतात, एवढंच.
वर्षभर घ्यायच्या, एकही दिवस न चुकता.
चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही गिळायची.
आणि थांबवायच्या आम्ही. दाताच्या डॉक्टरनं नाही,
खोलीवरच्या हुशार माणसानं नाही,
तू तर नाहीच.

तेव्हापासून माझं बोट सुईला लवकर माफ करत नाही.
ईदच्या आधीची घाई, पांढरा दिशदाशा,
गळ्याशी गोंडा लावताना टोचली
आणि पांढऱ्यावर डाळिंबाचा एक दाणा.
पूर्वी बोट तोंडात घालून पुढचा टाका घ्यायचो.
आता चिंधी दाबून बसतो, भिंतीवरच्या घड्याळात
दहा मिनिटं. मध्येच उघडून पाहायचं नाही.
डाग गार पाण्यात, मीठ लावून. ऊन पाण्यात पक्का होतो,
हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.

कंबर दुखते. चौदा तास वाकून कुणाची नाही दुखत?
खोलीवरच्या कुंजुमोननं पिवळी गोळी पुढं केली,
मेलेला घोडा उठतो म्हणाला.
मी ती खिशात घातली, फार्मसीत नेऊन दाखवली.
तिथली पोरगी म्हणाली,
ही त्या दोघींच्या संगतीला गेली तर पोटातून रक्त.
शौचाला डांबरासारखं काळं झालं
तर सकाळची वाट बघत बसू नका.
तिनं साधी पॅरासिटामॉल दिली.
कंबर दुखतेच. दुखू दे.

मोतालेब म्हणायचा, छाती आता मोकळी आहे रे,
मोकळ्या छातीला औषध कशाला?
मग रमजान आला. त्यानं विचारलं असतं
तर डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या असत्या,
इफ्तारला एक, सहरीला एक, जशी ज्याची गोळी.
त्यानं विचारलं नाही.
एकोणिसाव्या रोज्याला, तरावीहून परतताना,
गल्लीच्या तोंडाशी, बर्फाच्या गाडीजवळ.

त्याचा खण मी उघडला.
बॉबिन, खडू, मुलीचा शाळेतला फोटो,
आणि गोळ्यांची पट्टी. एक ओळ रिकामी,
बाकी सगळ्या भरलेल्या, बटणांच्या पुठ्ठ्यासारख्या.
यामुळेच का, असं मी डॉक्टरला विचारलं.
सांगता येत नाही, असं त्यानं सांगितलं.
मी पट्टी मोजली. पुन्हा मोजली.
आकडा तोच.

त्यानं कापून ठेवलेले अकरा दिशदाशे होते.
खडूच्या खुणा त्याच्या, दोन जागी चुकलेल्यासुद्धा,
त्या मी तशाच शिवल्या.
चांदरातीला म्हातारा खमीस आला,
बाह्या ताणून बघितल्या, खांदे हलवले,
म्हणाला, मोतालेबचा हात. लगेच कळतो.
मी मान डोलावली, पैसे मोजून त्याच्या खणात टाकले.
त्याच्या घरी पाठवायचे होते.

पावणेदहा झाले होते.
खुबूसचे दोन घास खाल्ले, मग गोळ्या.
रिकाम्या पोटी नाही.