झोळ

कंपनीने विचारलं नाही, कळवलं:
खांबावर नाही, आता टेबलावर.
तक्रार नोंदणी, रात्रपाळी.
उजवा हात कोपराखाली नाही म्हटल्यावर
टेबल म्हणजे बढतीच, हर्षदभाई म्हणाले,
आणि मग स्वतःच खिडकीबाहेर बघत बसले.

बावीस वर्षं बडोदं मी वरून पाहिलं.
दांडिया बाजारात कुणाच्या गच्चीत लोणच्याची बरणी,
रावपुऱ्यात कुठल्या खांबाला मुंग्या,
कुठला डीपी उन्हाळ्यात घोगरा होतो.
माणसं ओळखायचो ती टाळूवरून.
आता नुसते आवाज.
"भाई, लाइट क्यारे आवशे?"
पहिला महिनाभर मी
रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचो.

केतकीने तिची जुनी दुरेघी वही दिली.
डाव्या हाताने गिरवलं, पहिलीतल्या पोरासारखं.
कामावर गुजराती लिहायचं. ते सोपं गेलं:
त्या अक्षरांच्या डोक्यावरून तार जात नाही,
सुटी सुटी उभी राहतात
पुरवठा तोडलेल्या घरांसारखी.
मराठीत शेवटी वरची रेघ ओढावी लागते
आणि माझी रेघ दर वेळी मध्येच खाली येते.
केतकी हसते. पप्पा, झोळ!
असू दे, म्हणतो.
ताणून बांधलेली तार थंडीत तुटते,
एवढं मला येतं.

वासी उत्तरायणाच्या रात्री एकशे बारा फोन.
तारांत मांजा, मांज्यात तारा.
पाणीगेटच्या खांबावरून नवा पोरगा, पारस:
काका, कुठला जंपर?
मी डोळे मिटतो, चढतो.
डावीकडचा. कावळ्याच्या घरट्याशेजारचा.
आधी अर्थिंग लाव.
लावलंय, काका.
पुन्हा बघ.
लावलंय.
पुन्हा बघ म्हटलं ना!
नसलेली पाच बोटं
पक्कड आवळून धरतात.

पाणीगेटला दिवे आले
ते इथून दिसत नाहीत.
फोन एकेक करून गप्प होतात, त्यावरून समजायचं.

पावणेतीनला एक वाजतो.
म्हातारीचा आवाज: आवी गई, दीकरा.
ठेवते.
एवढंच सांगायला कुणी फोन करत नाही.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.
मी समासात लिहितो, मराठीत: आली.
वरून रेघ ओढतो.
झोळ.