आठनंतरचा वाटा

देवगडहून येणारी माझी शेवटची गाडी
मालवण डेपोत आठ-दहाला लागते.
हिशेब, मशीन, पिशवी खिडकीत देईपर्यंत साडेआठ.
चिल्लर तेवढी मी माझ्या नोटेवर बदलून घेते.
तिचं पुढे काम असतं.

तोवर बाजार उतरणीला लागलेला.
आधी विकणाऱ्यांचे आवाज खाली येतात,
मग भाव.

हिरावती तारीच्या फळीवर
सकाळी दोनशेला असलेला बांगड्यांचा वाटा
दिवे लागले की शंभर,
आणि मी दिसले की साठ.
'घेवन जा गो, फाल्या ह्येंका कोण इचारतलो?'
मी डोळे बघते, कल्ला उचलून बघते.
स्वस्त घ्यावं, आंधळं घेऊ नये,
हे एका वाईट रात्रीनं शिकवलंय, पोटातून.
साठ रुपये, सगळी नाणी.
सकाळच्या गिऱ्हाइकासाठी तिला सुट्टे लागतातच.

पुढे परकारांची बेकरी.
काचेवर खडूनं : कालचे पाव, निम्मे.
खरं तर ते आज पहाटेचे,
उद्या भट्टी पेटली की कालचे होणारे.
इस्माईलचाचा इतके प्रामाणिक
की शिळं व्हायच्या आधीच शिळं म्हणून टाकतात.

पहिले काही महिने मी गणवेशावर ओढणी घेऊन यायचे.
डेपोतल्या कुणी पाहिलं तर?
पगार होतो हिचा, मग उरलंसुरलं का वेचते?
होतो ना पगार. त्याचे वाटे आधीच पडलेले :
खोलीचं भाडं, भावाचं आयटीआय, सोसायटीचा हप्ता.
राहतं ते मी रात्री साडेआठला खर्च करते.

आणि मग तो माणूस.
शहाळ्यांच्या बंद टपरीपाशी उभा,
इस्त्रीचा सदरा, हातात चार घड्यांची पिशवी,
समुद्राकडे बघत असल्यासारखा.
तिथून समुद्र दिसत नाही.

गवाणकर सर. सातवी ब, गणित.
नफा-तोटा त्यांनीच शिकवलेला, शेकडेवारी, सूट.
त्यांनीही मला ओळखलं असणार,
कारण ते एकदम घड्याळ बघायला लागले.
भाव पडायची वाट बघत होतो दोघंही,
आणि बसची बघतोय असं दाखवत होतो.
बस तर मीच डेपोत झोपवून आले होते.

असे दहा-बारा दिवस गेले.

परवा वारं होतं, होड्या कमी गेल्या.
फळीवर एकच वाटा, सात बांगडे.
'तू घे.' 'नाही सर, तुम्ही.'
'तू घे गं.' 'सर, खरंच.'
बर्फाचं पाणी ओतता ओतता हिरावती ओरडली,
'कोणीतरी घेवा, नायतर मी माडाच्या मुळात पुरतंय!'

सर विचार करू लागले,
फळ्यासमोर करायचे तसाच, हनुवटीला बोट लावून.
'चार तुला, घरी दोघं आहात.
तीन मला. मी एकटाच असतो आता,
पण मांजर धरायला हवं.'
निम्मे-निम्मे पैसे त्यांना चालेनात.
'साठ भागिले सात, गुणिले तीन.
पंचवीस रुपये एकाहत्तर पैसे,'
म्हणाले, आणि सव्वीस मोजून दिले.
हिरावती म्हणाली, 'मास्तरांक सूट नाय.'
सर हसले. मला वाटतं
आम्ही तिघंही त्या सव्वीस रुपयांवर
जरा जास्तच हसलो.

बेकरीपर्यंत मग एकत्र चाललो.
'कालचा पाव सार जास्त पितो,' सर म्हणाले,
'तिरफळ घालतेस ना?'
घालते, म्हटलं.

मागे हिरावती फळी धुऊन भिंतीला टेकवत होती.
तिच्याकडे वळून, सवयीनं,
मी जरा वाकून बघितलं,
गाडी रिकामी झाल्यावर बाकांखाली बघते तशी,
कुणी मागे राहिलं नाही ना.