निर्लेखनाआधी

पांझरेच्या काठाला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला
हे दगडी घर. दप्तरात 'बंगला क्रमांक दोन'.
बंगला कसला, दोन खोल्या न् एक पडवी.
पण छप्पर असं उभं चढलेलं
की कावळासुद्धा बसता बसता घसरतो.

टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं धुडकू पाटकऱ्याकडं.
भिंत सव्वादोन फूट. काळा पाषाण, घडीव.
वर फरशीचे तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक.
चुन्यात गूळ होता की बेलफळ,
त्याला रकाना नाही.

खाली गावात सगळी धाबी, सपाट,
माथ्यावर खारी माती चोपलेली.
दिवसा बिबड्या वाळत, रात्री अख्खं घर वर निजायला.
आभाळाशी उठबस असलेली घरं.
त्यांच्यात हे एकटं, टोकदार,
भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखं
हात जोडून उभं.

"इतला उतार कसाले?"
म्हटलं, बर्फ साचू नये म्हणून. साहेबाच्या गावाकडं पडतं.
धुडकूनं वर पाहिलं, मग माझ्याकडं.
"आठे बरफ पडस?"
सावलीत चव्वेचाळीस होतं.

साहेबाचं नाव वाळवीनं खाल्लं.
घरून आलेल्या एखाद्या पत्राच्या पाठीवर
त्यानं हे आठवून काढलं असेल,
धुराड्यासकट.
आणि कुणा वडारानं ते तसंच्या तसं उभं केलं,
जन्मात न पाहिलेल्या गोष्टीला
बरोबर उतार दिला.
फक्त दाराच्या डाव्या हाताला, नकाशात नसताना,
पणतीपुरता कोनाडा कोरला.
आत बोट फिरवलं. काजळी निघाली.

शेकोटीच्या खबदाडात धुडकूची कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिला उठवलं नाही. ती खोली अंदाजे लिहिली.

टेप गुंडाळताना धुडकू म्हणाला,
"एक साल गारा पडन्यात, फागुनमा."
गावातली धाबी रात्रभर गारा उराशी धरून
गळत राहिली.
ह्या घरानं घटकाभरात सगळ्या खाली सोडल्या.
भिंतीशी गुडघ्याएवढा ढीग, पांढरा.
पोरं परातीत भरभरून नेत होती.

हे त्यानं सांगितलं तेव्हा
'वापरात नाही' लिहून झालं होतं.
आतून कोंबडी कुरकुरली.
खोडायला जागा होती.
रस्त्यावर जीपवाला हॉर्न देत होता.