लांब कुठेतरी

मोरीच्या मधोमध चुन्याची रेघ आहे.
अलीकडे म्हापसा पालिका, पलीकडे आमची पंचायत.
शंभर पावलांवर व्हाळ खाजनात उतरतो,
तिथे तिसऱ्याच गावची मानस.
तिची फळी कोमुनिदादीची की खात्याची,
ही फाईल माझ्या टेबलावर आहे. मी सचिव.

शुक्रवारचा बाजार उठला
आणि शनिवारी सकाळी रेघेखाली
गादी अडकलेली दिसली.
भिजून म्हशीएवढी फुगलेली.

पालिकेचा सुपरवायझर पुरसो च्यारी म्हणाला,
कचरा तुमचा.
मी म्हणालो, व्हाळ तुमच्याकडून येतो.
त्याच्या माणसांनी बांबूने ढकलली, ती आमची झाली.
दुपारी भरती आली, ती परत त्यांची.
भरतीला ना हरकत दाखला लागत नाही.

संयुक्त बैठक ठरली. तिसरं गाव आलं नाही.
पुन्हा ठरली. गाव आलं,
पण पत्रावर त्यांचं नाव तळाला होतं
म्हणून ते उभ्यानेच चहा पिऊन गेले.
एर्मेलिंदा तेवढी बसून राहिली,
तिच्या घरात फ्रिज चार चिऱ्यांवर चढलेला.
तिने एकच विचारलं,
"डासांना वॉर्ड असतो काय हो?"
हे इतिवृत्तात घ्यायचं की नाही
यावर अर्धा तास गेला.

पुनवेच्या रात्री पाणी दोन्हीकडे शिरलं.
तिकडे शिंप्याच्या दुकानात, इकडे अंगणवाडीत.
अंगणवाडीतलं वजनाचं तराजू तरंगत
रेघ ओलांडून पालिकेत गेलं.

उजाडताना मी नि च्यारी, पॅण्टी दुमडून,
एकाच दोराची दोन टोकं धरून उभे.
गादी कुशीवर वळली.
कोपऱ्यात हिरवं ठिगळ.
आईच्या लुगड्याचं. मीच दोरा ओवून दिला होता तिला.
बाबा शेवटचे आठ महिने जिच्यावर होते
ती ही.

बाराव्यानंतर रिक्षावाल्याला पन्नास रुपये दिले होते:
लांब कुठेतरी टाक.
लांब म्हणजे कुठे, ते मी विचारलं नव्हतं.
लांब म्हणजे दुसऱ्याची हद्द.

मी च्यारीला सांगितलं.
तो हसला नाही. म्हणाला,
आमच्या घरचा जुना सोफा कुठे गेला
मलाही ठाऊक नाही.

गादी हलेना.
मानशीवरचा इनास केव्हापासून बांधावर बसून
पाव खात बघत होता.
सत्तरीचा माणूस. एकाही पत्रात त्याचं नाव नव्हतं,
प्रतिलिपीतसुद्धा.
"पाण्याच्या उलट कित्याक ओढतात?
सव्वाअकराक सुकती. हांव फळी काडटां.
आपशीच येतली."

आठवडाभर तीन कार्यालयं,
अकरा पत्रं,
आणि ओहोटी किती वाजता
हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

आम्ही दोर सोडला. बांधावर जाऊन बसलो.
इनासने उरलेला पाव तोडला,
तिघांत बरोबर वाटता येईना,
तसाच खाल्ला.