काहीच न सांगितलं तर

ओनेर्वाने नुसतं पुश लिहिलं, वर सक्ती.
ब्रँचचं नाव नाही, पत्ता नाही.
तुर्कूत दुपारचे सव्वातीन, खिडकीबाहेर अंधार,
आणि तिला वाटलं, मी बसलेय तेवढीच फांदी जाईल.

गेल्या अकराच्या अकरा.
जिचं जिचं नाव तिकडच्या नावाशी जुळलं, ती प्रत्येक.
त्यात वेय्योची भाडेदरांची ब्रँच,
तिच्याकडे होती ती तीन आठवड्यांची शिळी.
शिळीने ताजी झाकली.

वेय्यो ओरडला नाही.
आपल्या मशीनवरून कालचं काम परत चढवलं
आणि कप धुवायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही.

मी तर काहीच सांगितलं नव्हतं, ओनेर्वा म्हणाली.
तेच तर, हिल्का म्हणाली.
आपण गप्प बसलो की यंत्राने काय समजायचं
ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.
कुणी?
मी फाइल उघडली, नव्या माणसाला पहिल्या दिवशी देतो ती.
ओळ बेचाळीस. खाली माझंच नाव.
तेव्हा आम्ही तिघंच होतो
आणि रोज सगळ्यांचं सगळंच पाठवायचं असायचं.

वेय्यो परत आला, म्हणाला,
नाव घेतल्याशिवाय पानही हलू नये.
मी म्हटलं, दिवसातून तीस वेळा कोण जप करणार?
आठवड्याभरात पळवाट काढतील,
पहिला तूच.

माझी आई राहते त्या बेटावर
धक्क्यावरचा दिवा लावला तरच बोट वळते.
विसरलात, तर ती सरळ पुढे जाते
आणि एक माणूस थंडीत दोन तास शिव्या घालत उभा राहतो.
एवढंच नुकसान.
आमची बोट न बोलावता
प्रत्येक धक्क्याला लागत होती,
मागच्या महिन्याचं टपाल उतरवून
आजचं पाण्यात टाकत होती.

हिल्काने फळ्यावर लिहिलं:
जिच्यावर आहात ती एकच,
तिकडे त्याच नावाची असेल तर.
नावं जुळली नाहीत तर थांब, विचार.
वेय्योने मान हलवली, होकारार्थी म्हणता येईल इतपत.

ओळ बेचाळीस ओनेर्वाने बदलली.
पाठवताना पूर्ण नाव लिहिलं, पूर्ण पत्ता,
एकेका अक्षराखाली बोट धरून वाचलं.
आता नाव नसतं घेतलंस तरी चाललं असतं, वेय्यो म्हणाला.
माहीत आहे, ती म्हणाली,
आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.