तिथे आत्ता दुपार आहे

दर मंगळवारी शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत
मी फळ्यावर एक गोल काढते आणि म्हणते,
हा दिवा नाही.
पहिल्या तासाला एवढंच.

वार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य समुद्राखाली जातो
तो थेट जानेवारीच्या विशीत मान वर काढतो.
अशा दिवसांत फोटो काढायला शिकणं म्हणजे
आटलेल्या विहिरीत पोहायला शिकणं,
असं तुर्गैर म्हणतो. सतरा वर्षांचा आहे,
त्याला सगळंच आटलेलं दिसतं.

बाकी दोघी मासळीच्या कारखान्यातल्या.
गुनवोर, जिने कॅमेरा हप्त्यावर घेतला
आणि किमतीची चिठ्ठी पट्ट्यावर तशीच ठेवली, परत करावा लागला तर म्हणून.
आणि तवमलर, जाफन्याची, इथे येऊन बत्तीस वर्षं झाली;
बोटं बधिर झाली तरी तिच्या हातून काही सुटत नाही.

पहिल्या रात्री तिघांनीही एकेक पांढरा गोळा आणला.
गुनवोरचा बघून तुर्गैर म्हणाला, काकू,
हा टेकडीवरच्या रडारचा घुमट,
पकडून नेतील तुम्हाला.
गुनवोर इतकी हसली की तिला रंध्याच्या टेबलावर बसावं लागलं.

मग मी समजावलं. कॅमेरा भाबडा असतो.
चहूकडे काळोख बघून त्याला वाटतं, उजेड पुरणार नाही,
म्हणून तो डोळा उघडा टाकून बसतो
आणि चंद्र उतू जातो, दुधासारखा.
त्याचं ऐकू नका.
आयएसओ शंभर. छिद्र अकरा. सेकंदाचा सव्वाशेवा भाग.

एवढासाच? गुनवोर म्हणाली. रात्रीचा?

रात्र आपल्याकडे. चंद्रावर ऊन पडलंय.
तिथे आत्ता दुपार आहे.

ती बराच वेळ गोलाकडे बघत राहिली.
म्हणजे तो तिकडे आहे होय, म्हणाली,
भाडं बुडवून गेलेल्या भाडेकरूचा
पत्ता लागावा तशी.

पुनवेला कॅमेरा बाहेर काढू नका, मी सांगितलं.
समोरून ऊन, सावली नाही, चेहरा सपाट.
अष्टमीला या. उजेड आणि काळोख जिथे शिवलेत
त्या शिवणीवर बघा, खड्डे तिथे खोल होतात.
उजेड मात्र अर्ध्याहून कमी, तेव्हा छिद्र आठवर.

अष्टमीला उणे अकरा होतं.
धक्क्यावर तिवईला जाड्या मिठाची पिशवी टांगली, वाऱ्याने हलू नये म्हणून.
जादा बॅटऱ्या काखेत, उबेला.
फोकस हाताने. श्वास बाजूला सोडायचा.
दोन सेकंदांचा टायमर: बटण दाबा, हात काढून घ्या,
आणि दोन सेकंद काहीही करू नका.
तुर्गैरला हेच जमेना.

तवमलर म्हणाली, हा इथे उभा असतो.
आमच्याकडे मावळताना उताणा पडतो,
होडीसारखा.
आणि तिने तिवईचं डोकं सैल करून
कॅमेरा कलता केला, आणखी कलता केला,
चंद्र आडवा होईपर्यंत.

वीस वर्षं मी एकच गोष्ट घोकून घेत आलेय:
क्षितिज सरळ ठेवा.
तोंड उघडलं होतं. मिटलं.
त्या चौकटीत क्षितिज नव्हतंच,
नुसता काळोख, आणि त्यात तिची होडी.

गुनवोरच्या फोटोत खड्डे आले. तिने मोजले, अकरा,
मग चष्मा पुसून पुन्हा मोजले, चौदा.
मी ओरडले, कॅमेरा पिशवीत बंद करून मगच घरात न्या,
नाहीतर उबेत भिंगाला घाम फुटेल.
पण ती रस्त्याला लागली होती, आणि मध्येच थांबून परत आली.

जानेवारीत तो आला, की आकडे काय ठेवायचे?

जवळजवळ हेच, मी म्हटलं.

बरं, म्हणाली, आणि पट्ट्यावरची चिठ्ठी
दातांनी तोडून टाकली.