जंबेरी

विहिरीकडच्या बांधाला एक झाड आहे,
त्याचा डोळा मेला.
म्हणजे वर बांधलेला, संत्र्याचा.
खालचा खुंट मेला नाही.
त्यानं आपल्या मनानं फांद्या काढल्या, काटे काढले,
आणि आता दर पौषात
खरबरीत, जाड सालीच्या जंबेऱ्या धरतो.
कोणी खात नाही. बिया तेवढ्या आम्ही घेतो पेरायला,
रस मातीत.

आज रविवार. नर्सरीला सुट्टी.
आज रस मातीत नाही जाऊ दिला.

सिंधू धुर्वेनं तिच्या वाफ्यातली पत्ताकोबी दिली,
पानांच्या घड्यांत दव तसंच बसलेलं.
विळीवर कापत गेले, बारीक, अजून बारीक,
परात भरली तरी गड्डा अर्धाच संपला.
मीठ चोळलं.
कोबी आधी करकरते,
मग ऐकते.

ज्या चाकूनं तेवीस वर्षं डोळे काढले
(झाडांचे, बाई, झाडांचे)
तोच राखेनं घासला, उकळत्या पाण्यात बुडवला,
आणि संत्र्याची एकेक फोड सोलली,
पापुद्र्यासकट, शिरेसकट,
नुसता गर उरेपर्यंत.
शेंदुरजन्यात इतकं कोणी संत्र्याचं करत नाही.
इथं संत्रं मोजतात, भरतात, पाठवतात.

लोक म्हणतात, बाई म्हणजे कलम,
एका घरी रुजते, दुसऱ्या घरी फळते.
ज्यांनी कलम बांधलं नाही तेच म्हणतात.
मला विचारा.
कलम म्हणजे टी-च्या आकाराची चीर,
प्लास्टिकची पट्टी, वाकून गेलेली कंबर,
आणि शंभरातले वीस तरी वाया.

कोंबडी रात्रीच लावून ठेवली होती
लसूण, हळद, मीठ आणि जंबेरीत.
माती चाळायची जुनी जाळी विस्तवावर धरून
लाल होईस्तोवर जाळली.
खाली डिंक्यानं गेलेल्या फांद्यांचे निखारे.
तुकडे ठेवले तशी चरबी टपकली,
धूर उठला,
मी गंमत म्हणून संत्र्याची साल आगीत पिळली,
भुरकन ठिणग्या!
शेजारचं पोट्टं कुंपणावर चढून बसलं,
"मावशी, अजून एक डाव!"
तीन साली त्याच्यापायी गेल्या.

पुंडलिक दारात येऊन उभा.
"रस्सा कुठी हाय?"
"नाही."
"तर्री?"
"नाही."
"मंग कोंबडी मेली कायले?"

मी उत्तर नाही दिलं, हात गुंतले होते.
कोबी पिळून त्यावर जंबेरी, चिमूटभर गूळ,
ठेचलेली हिरवी मिरची, मूठभर सांभार,
भाजून जाडसर कुटलेला जवस,
शेवटी संत्र्याचा गर, हलक्या हातानं, फुटू न देता.
थोडा फुटलाच.
वर कोंबडी, हातानंच ओरपून,
काही ठिकाणी काळी पडलेली.
ती माझ्या पानात.

तो बसला. ताटाकडे असा पाहत होता
जसा मोठा साहेब पाहणीला आल्यावर रोपांकडे पाहतो.
"हे तं बकरीचं खानं."
एक घास.
डोळे मिटले, गाल आत गेले,
आंबट थेट कानामागे पोचलं असावं.
दुसरा घास.
मग बोलणं थांबलं.
आमच्याकडे एवढं पुरतं.

शेवटी परातीत पाणी साचलं होतं,
कोबीचं, संत्र्याचं, जंबेरीचं, मिठाचं,
आणि तळाशी थोडा जवस.
मी वळून पाहते तर
परात दोन्ही हातांनी उचललेली, तोंडाला लावलेली,
मिशीवर संत्र्याचा एक कण.
"उद्या मात्र रस्सा," म्हणाला.
"उद्या पाहू."

बिया मी वेगळ्या वाटीत काढल्या होत्या.
राखेत घोळवल्या, बुळबुळीतपणा जाईस्तोवर चोळल्या.
ओल्या आहेत तोवर पेराव्या लागतात, वाळल्या की गेल्या.
वर्षाभरानं पेन्सिलीएवढा खुंट होईल,
मग कोणाचा तरी डोळा.

दोन बिया मागच्या अंगणात टोचल्या,
न्हाणीच्या पाण्याजवळ.
त्यांना काही बांधायचं नाही.
पुंडलिकाला सांगितलं नाही अजून.
विचारेल तेव्हा सांगीन.